धानाच्या ढोलीतला लॅपटॉप

साकोलीला बसस्थानकाच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी अजून आहे, शटरही आहे, मी मात्र आता घरी असते. पण लोकांना त्याचं काही देणंघेणं नाही. परवा भाजी घ्यायला गेले, तर एका बाईनं वांगी निवडता निवडता पिशवीतून लॅपटॉपचा चार्जर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "कुंदाताई, हा गरम होऊन राहिला, पाहा बरं." मी म्हटलं, "बाई, चार्जर गरम होणारच. थंड पडला की सांग." ती हिरमुसली. मी निदान तो कानाला लावून पाहावा, अशी तिची अपेक्षा असावी.

या धंद्यात मी शिरले कशी, हे सांगत बसत नाही. त्यात काही मजा नाही. एवढंच सांगते की बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली पाहून सुरुवातीला लोक विचारायचे, "भाऊ कुठं गेले?" मी म्हणायची, "भाऊ जेवायले गेले, तोवर मी करून देते." भाऊ कधीच आले नाहीत, आणि हळूहळू लोकांनी त्यांची चौकशी करणंही सोडलं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. आमच्या भागात कॉम्प्युटर हयगयीनं कमी आणि मायेनं जास्त बिघडतात. दसरा झाला की माझा हंगाम सुरू व्हायचा. पूजेत लॅपटॉप मांडायचा, त्याला कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, इथवर माझी काही तक्रार नाही. पण अक्षता? धानाचा मुलूख आमचा, अक्षता टाकताना हात आखडता कोण घेणार? तांदळाचा दाणा बटणाखाली जाऊन बसतो, मग 'क' दाबावा तर दबत नाही आणि दबला तर वर येत नाही. मी चिमट्यानं दाणे काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, प्रसाद."

चिखल्याचे एक गृहस्थ होते, खाणीवर त्यांच्या गाड्या चालायच्या. त्यांचा कॉम्प्युटर तासाभरात आपोआप बंद पडायचा. घेऊन आले तेव्हा सीपीयूचा डबा जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून सुतळीनं करकचून बांधलेला. "ताई, आमच्या इकडं काळी धूळ लय. आत जाऊ नये म्हणून बांधलो," ते अभिमानानं म्हणाले. मी विचारलं, "चालू असतानाही बांधूनच ठेवता?" "मग? धूळ काय बंद असतानाच येते का?" आता या माणसाला काय बोलावं? कॉम्प्युटरला आत पंखा असतो, त्याला हवा लागते, तोंड बांधलं तर तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, हे मी त्यांना समजावलं. ते सुतळी गुंडाळत म्हणाले, "म्हणजे म्याच त्याचा गळा दाबत होतो म्हणा की." त्यानंतर ते गाडीच्या फेरीला आले की डबा घेऊन यायचे आणि मी ब्लोअरनं धूळ उडवून द्यायची.

धुळीचं एक सांगायलाच हवं, कारण पुढं ते कामाला येणार आहे. डबा उघडला की पंख्यावरची धूळ पाहून मी गाव सांगायची. मँगनीजची काळी, जड धूळ असली की चिखला. चुलीची चिकट काजळी असली की कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आहे. पिवळसर, हलका कोंडा असला की जवळपास राइस मिल आहे. लोकांना वाटायचं मला काही विद्या येते. मला फक्त झाडू मारायची सवय होती.

लाखांदूरचे एक शेतकरी एसटीनं आले ते मांडीवर नुसता मॉनिटर घेऊन. चित्र दिसत नाही अशी तक्रार. "दादा, डबा कुठं आहे?" "कोणता डबा?" "टेबलाखाली असते तो." "तो तर घरी आहे. चित्र यातच दिसते ना ताई, मग बिमारी यातच असंन." मला हसू आवरेना, पण त्यांना दोष कसा देणार? डोळा दुखला तर माणूस डोळाच दाखवतो. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की चित्र दिसतं इथं, पण डोकं त्या डब्यात आहे. दुसऱ्या दिवशी ते तीच बस पकडून डोकं घेऊन आले.

लोक कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याशी बोलतात ते थेट डॉक्टरांशी बोलल्यासारखं, म्हणजे खोटं. "काहीच नाही केलं, आपोआप झालं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कोणी "माझ्या हातून पडला" असं सरळ सांगितलं तर त्याच्या पाया पडावंसं वाटायचं. खरं सांगितलं की अर्धी दुरुस्ती तिथंच होते. बाकीची अर्धी म्हणजे धीर. विंडोजचा तो गोल फिरत असतो, 'बंद करू नका' असं लिहिलेलं असतं, आणि माणूस नेमकं तेव्हाच बटण दाबून धरतो. बाबांनो, फिरू द्या त्याला. तुमच्या घरी पाहुणा हात धूत असला तर तुम्ही ताट उचलता का?

आता देवानंदभाऊंची गोष्ट सांगते, कारण हा सगळा लेख मी खरं तर त्यांच्यासाठी लिहायला घेतला.

देवानंदभाऊ एकोडीचे. थोडी धानाची शेती आणि बाकी दिवस मजुरी. त्यांची पोरगी प्रज्ञा शाळेत हुशार. ती अकरावीत असताना ते दुकानात आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, जुना असला तरी चालंन, पण तिले रोज शिकता आलं पाहिजे." एक कॉम्प्युटर क्लास बंद झाला होता, तिथला एक जुना डबा माझ्याकडे पडून होता. त्यावर नवीन विंडोज टाकली असती तर बिचारा चालू होईपर्यंत पोरीची शाळा सुटली असती. म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं.

लिनक्स म्हणजे काय, असं बाहेरचे विचारतात तेव्हा मी स्वयंपाकघराचं सांगते. ओटा तोच, भांडी तीच, पण दोन जावा आपापल्या परीनं डबे लावतात. विंडोज ही थोरली, तिचा थाट मोठा, तिला जागा जास्त लागते. लिनक्स ही धाकटी, लहान घरातही नांदते आणि फुकट येते. स्वयंपाक दोघींचाही होतो, भांडण फक्त मीठ कुठं ठेवलं यावरून. प्रज्ञानं आठवडाभरात मीठ शोधलं. नंतर तर मला येत नसलेल्या गोष्टी ती मला दाखवायला यायची आणि मी कौतुकानं तिला रागवायची.

पोरगी शिकली, तिला हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी लागली. रुजू होऊन थोडे महिने झाले आणि कोरोना आला. कंपनीनं लॅपटॉप देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. मग एकोडीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बसून प्रज्ञा हैदराबादची नोकरी करू लागली. नोकरी अजून कच्ची होती, कायम व्हायची होती. घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं पहिलंच माणूस ती.

त्या दिवसांत देवानंदभाऊ एकदा अर्ध्या उघड्या शटरपाशी आले. दुरुस्तीचं काही नव्हतं. जरा घुटमळून म्हणाले, "ताई, एक विचारतो. तिच्या मीटिंगमध्ये ते मागं पुस्तकाच्या कपाटाचं चित्र येते. ते काढता येते का?" मी सांगितलं, ती लॅपटॉपची सोय आहे. मागचं खरं घर झाकून त्या जागी चित्र लावता येतं, आणि काढायचं तर दोन बटणांचं काम. "काहून, काही अडचण आहे का?" ते खाली बघून म्हणाले, "अडचण नाही. पण पोरगी आमच्या घरी बसून दुसऱ्याच्या घरात दिसते. आमच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, बाजूले धान भराची ढोली आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?" ते बटण तिचं तिनंच दाबायला हवं, एवढंच मी म्हटलं. ते "हो, ते तर आहेच" म्हणून निघून गेले. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

पुढं काही दिवसांनी बापलेक मोटरसायकलवर आले. प्रज्ञानं लॅपटॉप ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता. डोळे सुजलेले. "मावशी, चालूच नाही होऊन राहिला. काहीच नाही झालं, आपोआप बंद पडला."

मी लॅपटॉप उलटा केला, हवेच्या जाळीवर बॅटरीचा उजेड टाकला आणि बघतच राहिले. जाळीत धानाचं तूस अडकलं होतं. बटणांच्या फटीत कोंडा, चार्जरच्या भोकात तर अख्खा एक दाणा, सालासकट. राइस मिलच्या शेजारच्या घरातही लॅपटॉपची अशी गत मी पाहिली नव्हती.

"हा धानात होता," मी म्हटलं. "कोणं ठेवला?"

प्रज्ञा म्हणाली, "मीच ठेवला." त्याच वेळी देवानंदभाऊ म्हणाले, "म्या ठेवलो, ताई." दोघं एकमेकांकडे बघू लागले. मग हळूहळू खरं बाहेर आलं. सकाळपासून मीटिंग चालू, पोरगी उपाशी. आईला राहवलं नाही, तिनं पेजेचा वाडगा आणून लॅपटॉपशेजारी ठेवला. प्रज्ञाचा कोपर लागला आणि वाडगा बटणांवर पालथा झाला. ओलं झालेलं यंत्र तांदळात ठेवावं, असं आईनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं. पण घरातले तांदूळ संपत आले होते आणि भरडाईची गिरणी बंद. होतं ते ढोलीतलं धान. ढोली म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची, शेणामातीनं लिंपलेली आमच्याकडची कणगी. मायबापांनी मिळून त्या ढोलीत लॅपटॉप खोल पुरला, आणि भात शिजला का बघावं तसा मधूनमधून काढून चालू करून पाहिला.

"धान म्हणजे तांदूळच ना, ताई?" देवानंदभाऊंनी विचारलं. "वरून साल असते, एवढंच."

हसावं की रडावं, मला कळेना. लॅपटॉपवर काही सांडलं तर काय करायचं, ते इथंच सांगून टाकते. चार्जर ताबडतोब काढा, बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, उघडाच पालथा घालून ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळात नको, धानात नको, उन्हात नको. आणि सुकला का हे बघायला चालू तर मुळीच करू नका. ओलाव्यापेक्षा ओलं असताना चालू केल्यानं तो जास्त मरतो.

प्रज्ञा म्हणाली, "मावशी, खोलून साफ करून द्या ना. कंपनीले माहीत पडलं तर मले काढून टाकतील. अजून पक्की नाही झाली मी."

हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? असे कितीतरी मी उघडले होते. पण हा कंपनीचा होता. कामाच्या लॅपटॉपला मालक वेगळा असतो. आतली माहिती कंपनीच्या कुलपात असते, स्क्रूवर त्यांचं सील असतं. पेज सांडली हा अपघात. सील तोडलं तर तिनं आत हात घातला असं होईल, आणि ते कंपनी माफ करणार नाही. मी तिला म्हटलं, "बेटा, मी याले हात लावणार नाही. तू आत्ताच्या आत्ता कंपनीले फोन कर आणि खरं सांग."

"मग तुमच्याकडं आलो कायले आम्ही?" ती फाडकन म्हणाली. देवानंदभाऊंनी तिला दटावलं. मला लागलं, पण तिचंही बरोबर होतं. मी विचारलं, "कंपनीले काय सांगणार होतीस?"

"लाइट कमीजास्त झाली म्हणून जळला, असं."

"आणि त्यांनी उघडल्यावर आतून धान निघालं तर?"

ती रडायला लागली. "मावशी, तिथं सगळे शहरातले आहेत. धान म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसंन. हसतील मले. पेज सांडली, ढोलीत ठेवला, हे मी इंग्रजीत सांगू तरी कसं?"

तेव्हा मला कळलं की पोरगी नोकरी जाण्याला भीत होतीच, पण त्याहून जास्त एकोडी दिसण्याला भीत होती. देवानंदभाऊ सगळं ऐकत होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "इंग्रजी येत नसंन तर हिंदीत सांग. पण सांग."

तिनं माझ्या दुकानातूनच कंपनीच्या मदत कक्षाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक मुलगा. प्रज्ञानं सुरुवात केली, अडखळली, मग डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. सर, पेज गिर गया. मम्मी-पापा ने धान में रख दिया था.

पलीकडून आवाज आला, "चावल में?"

"नहीं सर. धान में. छिलके वाला."

मी टेबलाची कड धरून उभी होते. मग त्या मुलानं अगदी गंभीरपणे विचारलं, "नया धान था या पुराना?"

प्रज्ञानं बापाकडं पाहिलं. देवानंदभाऊ झपकन पुढं झाले आणि फोनवर वाकून म्हणाले, "पुराना है साहेब, दिवाळीवाला. एकदम सुखा."

"फिर ठीक है अंकल. नया होता तो उसकी नमी से और खराब होता." आणि तेवढ्यात त्याच्या फोनमधून कोंबडा आरवला. मुलगा जरा लाजला. म्हणाला, मी पण गावी आहे, छत्तीसगडला, आमच्याकडे पण सगळं धानच आहे. प्रज्ञा रडता रडता हसायला लागली. मी म्हातारी बाई, मलाही ओढणीच्या टोकानं डोळे पुसावे लागले, आणि ती ओढणी तिची होती.

त्यानं तक्रार नोंदवली. काम कुठं साठवलं होतं विचारलं. ते कंपनीच्या सर्व्हरवरच्या जागेत होतं, लॅपटॉपवर नव्हतं, म्हणून सगळं शाबूत होतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कामाचं काम कामाच्या जागी. दुसऱ्या दिवशी तिला तिच्या साहेबांचाही फोन आला. अपघात होतात, लपवलं असतं तर मात्र पंचाईत होती, असं ते म्हणाले. नवीन लॅपटॉप कुरिअरनं पाठवतो, तोवर मीटिंगपुरतं घरचा कॉम्प्युटर वापर.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे तोच, माझा लिनक्सवाला. देवानंदभाऊंनी त्यावरचं फडकं काढलं, मी एक जुना कॅमेरा दिला, आणि धाकटी जाऊ पुन्हा कामाला लागली. मीटिंग चालली, आवाज गेला, आवाज आला. फक्त एक गोष्ट त्या म्हाताऱ्या डब्याला झेपेना. मागचं घर झाकून चित्र लावायचं म्हणजे फार मेहनतीचं काम, तेवढा दम त्यात नव्हता. प्रज्ञानं मला फोन करून विचारलंही, "मावशी, काही जुगाड?" मी म्हटलं, "नाही बेटा, नाहीच होत." हे खरंच होतं. जमत असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, हे मलाही माहीत नाही.

मग त्या दिवसांत हैदराबादच्या लोकांना तिच्या मागं भिंत दिसली, बाबासाहेबांचा फोटो दिसला, लिंपलेली ढोली दिसली, आणि मधेच सूप घेऊन जाणारी आई दिसली. काय झालं? काही नाही. एका मुलीनं ढोली बघून हे काय आहे विचारलं आणि प्रज्ञानं सांगितलं. बाकी कोणी काही बोललं नाही.

कुरिअर एकोडीला जात नव्हतं, म्हणून नवीन लॅपटॉप माझ्या दुकानात आला आणि जुना माझ्याकडूनच परत जायचा होता. जुन्याचं खोकं बांधायला बसले तर देवानंदभाऊंनी पिशवीतून तांदळाची पुडी काढली. गिरणी सुरू झाली होती. "त्या छत्तीसगडच्या पोराले." मी ओरडले, "अहो भाऊ, त्याच्याकडं धान कमी आहे का? आणि तो त्या ऑफिसात बसतच नाही." ते पुडी तशीच पुढं धरून उभे राहिले. शेवटी मी ती खोक्यात ठेवली, चांगली दोन प्लास्टिकमध्ये बांधून. तांदूळ त्या मुलाला मिळाले की नाही, देव जाणे.

आता दुकान बंद आहे. नव्या लॅपटॉपना स्क्रू कमी आणि डिंक जास्त, उघडावे तर तुटतात. असे जोडलेले असतात की बिघडले की फेकाच. हात अजून शिवशिवतात, पण त्यांना काम उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्या नवीन लॅपटॉपवर मात्र पुस्तकाच्या कपाटाचं चित्र सहज लावता आलं असतं. मी प्रज्ञाला काही विचारलं नाही, बोललेही नाही. ते बटण तिचं होतं. नवीन लॅपटॉप नेल्याला आठवडा झाला असेल, देवानंदभाऊंचा फोन आला. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी सांडलं.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही, ताई. तुम्हाले सांगाचं होतं म्हणून फोन केलो. तिची मीटिंग चालू आहे, मी दारातून पाहून राहिलो." मग आवाज बारीक करून म्हणाले, "पोरगी आता आपल्याच घरात दिसते."